इंदूरकर मराठी मंडळी, तुमचा वार्ड नंबर काय? मतदार यादी, मतदान आणि त्याच्या पुढचं सगळं

आपल्या घरांमधून संध्याकाळी टीव्हीवर महाराष्ट्राच्या बातम्या लागलेल्या असतात, कोण कोणाबरोबर गेलं, कोणाचा गट फुटला, पुण्याच्या महापालिकेत काय चाललंय, सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. त्यात वाईट काहीच नाही, निम्मे नातेवाईक तिकडेच आहेत. पण त्याच घरात विचारून बघा की आपला वार्ड नंबर किती, पार्षद (म्हणजे नगरसेवक) कोण, आपली विधानसभा तीन नंबर की चार की राऊ, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. मला हे फार लागतं. कारण आपलं मत तिकडे नाहीये हो, इथे आहे, रामबागेत, लोकमान्य नगरात, राजेंद्र नगरात, सुदामा नगरात, जिथे तुम्ही राहता तिथे.

आणि मी मुद्दाम निगमपासून सुरुवात करतेय, लोकसभेपासून नाही. दिल्लीचं मत सगळे देतात, त्याची हवाच तशी असते. पण नळाला काय येतं, ड्रेनेज लाईन कधी बदलली, रस्ता खोदून ठेवलाय तो कधी भरणार, संपत्ती कर किती, बाजूच्या प्लॉटवर चार मजल्यांची परवानगी कशी मिळाली, हे सगळं नगर निगमचं काम. डिसेंबर 2025 च्या शेवटी भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात ड्रेनेजचं पाणी मिसळलं, शेकडो लोक आजारी पडले, माणसं गेली. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेणाऱ्या शहरात हे झालं. त्यानंतर तरी कोणी म्हणू नये की पार्षदाच्या निवडणुकीत काय ठेवलंय.

हेही आठवा की आधीच्या निगमची मुदत फेब्रुवारी 2020 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जुलै 2022 मध्ये. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ या शहराला ना महापौर होता ना पार्षद, सगळं अधिकाऱ्यांच्या हाती. त्या काळात वार्डातली गाऱ्हाणी घेऊन जायचं कोणाकडे हाच प्रश्न होता. आता 2022 चे पार्षद आहेत, पाच वर्षं मोजा, 2027 मध्ये पुन्हा निवडणूक यायला हवी. म्हणून तयारी आत्ता करायची, पोस्टर लागल्यावर नाही.

आधी आपण कुठे बसतो ते बघा

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या 9 जागा आहेत. इंदूर एक ते पाच, मग राऊ, सांवेर, देपालपूर आणि महू. पत्त्यात इंदूर लिहिलंय म्हणून विधानसभा एक ते पाचमधलीच असेल असं नाही, शहराच्या कडेच्या कितीतरी कॉलन्या राऊत किंवा सांवेरमध्ये येतात. आणि महूवाले तर जिल्हा इंदूर असूनही लोकसभेला धारमध्ये मत देतात, इंदूरच्या खासदाराशी त्यांच्या मताचा संबंध नाही. हे तीन पत्ते, लोकसभा, विधानसभा आणि वार्ड, एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून टाका, खरंच सांगते, घरातल्या सगळ्यांना उपयोग होतो.

निगमचे वार्ड 85. वार्डाची हद्द आणि विधानसभेची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वार्डांच्या हद्दी निवडणुकीआधी बदलूही शकतात, त्यामुळे मागच्या वेळी अमुक वार्डात होतो म्हणून याही वेळी तिथेच असं गृहीत धरू नका. वार्ड नंबर कळायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे संपत्ती कराची पावती किंवा पाण्याचं बिल, त्यावर वार्ड आणि झोन दोन्ही असतात. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला पावतीचा फोटो मागा, नाहीतर झोन ऑफिसमध्ये पत्ता सांगून विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

कार्ड आहे ना, मग झालं?

नाही झालं. या एका गैरसमजापायी दरवेळी कितीतरी लोक बूथवरून परत येतात. मतदार कार्ड हे लायब्ररीच्या जुन्या कार्डासारखं आहे, तुमच्या ड्रॉवरमध्ये ते वर्षानुवर्षं असेल, पण सभासदत्व चालू आहे का ते रजिस्टरच सांगणार. इथे रजिस्टर म्हणजे मतदार यादी. यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटोवालं पासबुक असं काहीतरी दाखवून मत देता येतं. पण कार्ड हातात आहे आणि यादीत नाव नाही, तर कोणीही काहीही करू शकत नाही.

त्यातून आता एसआयआर, म्हणजे मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी, झालंय. मध्य प्रदेशात 4 नोव्हेंबर 2025 पासून बीएलओ (बूथची यादी सांभाळणारे कर्मचारी) घरोघरी गणना फॉर्म घेऊन फिरले, 2003 च्या यादीशी नावं जुळवली, आणि जी माणसं सापडली नाहीत, घर बदलून गेली, वारली किंवा ज्यांचे फॉर्म परत आले नाहीत त्यांची नावं यादीतून निघाली. आपल्याकडे यात सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो सुनांचा. लग्न होऊन नागपूरहून, जळगावहून, सांगलीहून इथे आलेल्या, 2003 मध्ये इथल्या यादीत त्यांचं नाव असणारच नाही, माहेरचं जुनं नाव वेगळं, मग आई-वडिलांचं नाव महाराष्ट्राच्या जुन्या यादीत शोधत बसा. ज्यांनी ते केलं त्यांचं निभावलं, ज्यांनी "बघू नंतर" म्हणून फॉर्म ठेवून दिला त्यांनी आज, आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच नाव तपासा. नाव निघालं असेल तरी घाबरायचं कारण नाही, नवा फॉर्म भरून पुन्हा येतं, पण निघालंय हे आधी कळलं तर पाहिजे.

तपासायचं कसं? निवडणूक आयोगाच्या व्होटर पोर्टलवर किंवा ॲपवर नाव शोधायची सोय आहे. कार्डावरचा एपिक नंबर टाकून शोधणं सगळ्यात उत्तम. नावाने शोधत असाल तर आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट सांगते. इथली यादी हिंदीत तयार होते आणि त्यात आपला ळ बहुतेक वेळा ल होऊन बसतो. काळे असतात ते काले होतात, कांबळे ते कांबले, मुळे ते मुले. तुम्ही बरोबर टाईप करता आणि उत्तर येतं की नाव नाही, मग उगाच घरभर आरडाओरडा. तेव्हा दोन्ही प्रकारे टाकून बघा, आणि आडनाव सोडून नुसतं पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव टाकूनही बघा. दुसरी भानगड मधल्या नावाची. आपण लिहितो स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, आणि इथल्या फॉर्मात ते वडिलांचं-पतीचं नाव वेगळ्या रकान्यात जातं. त्यामुळे एकाच माणसाचं आधारवर तीन शब्दांचं नाव, यादीत दोन शब्दांचं, पॅनवर अजून तिसरंच. निदान आधार आणि मतदार यादी तरी सारखी करून घ्या कारण आता ऑनलाइन फॉर्म भरताना आधारवरूनच पडताळणी होते आणि नाव जुळलं नाही की गाडी तिथेच अडते.

ज्यांना जमेल त्यांनी आपल्या बूथच्या यादीची पीडीएफ डाउनलोड करून स्वतः वाचावी असं मला मनापासून वाटतं. पहिल्यांदा उघडली की बोजड वाटते, पण एकदा कळली की मग सोपी. प्रत्येक बूथचा एक भाग क्रमांक असतो. पानावर चौकटी असतात, एका पानावर साधारण 30, आणि प्रत्येक चौकटीत क्रमांक, एपिक नंबर, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मकान संख्या, वय, लिंग. नाव काढलेलं असेल तर त्यावर शिक्का असतो किंवा बाजूला एक अक्षर, ई म्हणजे वारलेले, एस म्हणजे दुसरीकडे गेलेले, आर म्हणजे नाव दोनदा होतं, एम म्हणजे सापडले नाहीत. शेवटच्या पानांवर पुरवणी यादी असते, नवी जोडलेली, वगळलेली आणि दुरुस्त केलेली नावं त्यात असतात, बरेच लोक ती पानं बघतच नाहीत आणि आपलं नाव नाही म्हणतात. तुमच्या बिल्डिंगची, गल्लीची सगळी घरं एकाच जागी सापडतील. धडधाकट असलेले जोशी काका ई लागून बाहेर गेलेत आणि वारलेल्या आजी अजून आत आहेत, असलं काही दिसलं तर त्या त्या घरी जाऊन सांगा. एकाने आपली गल्ली तपासली तर वीस-पंचवीस घरांचं काम होतं.

फॉर्म कोणता भरायचा

हे तीन नंबर लक्षात ठेवा, सहा, सात, आठ. पहिल्यांदा नाव घालायचं तर फॉर्म 6. कोणाचं नाव काढायचं असेल, घरातलं माणूस वारलं असेल, किंवा चुकीच्या नावावर हरकत घ्यायची असेल तर फॉर्म 7. आणि बाकी सगळं फॉर्म 8, म्हणजे नावातली चूक, जन्मतारीख, फोटो, घर बदललं, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद करायची, सगळं आठमध्ये. पूर्वी घर बदललं की कोणता फॉर्म यावरून घोळ व्हायचा, 2022 पासून तो आठमध्येच आहे. म्हणजे तुम्ही परदेशीपुऱ्यातून उठून बिचोली मर्दानाच्या नव्या फ्लॅटमध्ये गेलात तर सहा भरू नका, आठ भरा. सहा भरलात तर दोन ठिकाणी नाव होईल आणि दोन ठिकाणी नाव असणं कायद्याने चालत नाही, फॉर्मात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

फॉर्म 6 ला लागतं काय तर एक फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा. वयासाठी जन्म दाखला, दहावी-बारावीची मार्कशीट, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट यातलं काहीही. पत्त्यासाठी विजेचं, पाण्याचं किंवा गॅसचं बिल, बँकेचं पासबुक, आधार, पासपोर्ट, रजिस्ट्रीचा कागद, आणि भाडेकरूंसाठी रजिस्टर्ड भाडेकरार. बिल घरातल्या आई-वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असलं तरी चालतं. अकरा महिन्यांचा साधा नोटरीवाला करार बरेचदा घेत नाहीत, म्हणून भाडेकरूंनी आधी पासबुकवर किंवा आधारवर इथला पत्ता करून घ्यावा, त्याला वेळ लागतो पण मग पुढचं सगळं सुरळीत होतं. घरातल्या एका माणसाचं नाव त्याच यादीत आधीपासून असेल तर त्याचा एपिक नंबर फॉर्ममध्ये टाका, म्हणजे नवं नाव त्याच बूथमध्ये, त्याच घराबरोबर लागतं. हे केलं नाही की मुलगा एका शाळेत आणि आई दुसऱ्या शाळेत मत द्यायला, असं होतं.

फॉर्म ऑनलाइन भरलात तर रेफरन्स नंबर येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा. नंतर बीएलओ घरी येतात. बीएलओ म्हणजे बहुतेक वेळा सरकारी शाळेतल्या शिक्षिका किंवा अंगणवाडीच्या ताई, स्वतःची नोकरी सांभाळून उन्हातान्हात फिरतात, त्यांना दारातच उभं करून उलटसुलट बोलू नका, पाणी विचारा, कागद हातात तयार ठेवा. तुम्ही दिवसभर घरी नसाल तर फोन नंबर शेजारी देऊन ठेवा. घरी कुलूप दिसलं म्हणून अर्ज फेटाळला असं होऊ शकतं. आणि फेटाळलाच तर तिथे संपत नाही, 15 दिवसांत कलेक्टरकडे अपील करता येतं, तिथेही नाही झालं तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. काही अडलं तर 1950 हा हेल्पलाइन नंबर आहे.

अठरा पूर्ण होण्याच्या तारखा आता वर्षात चार आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. पूर्वी एकच होती, जानेवारी, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेली मुलं जवळजवळ वर्षभर ताटकळायची. आता 17 पूर्ण झाले की आधीच अर्ज देऊन ठेवता येतो, अठरा भरले की नाव लागतं. बारावीत असलेल्या मुलांचे आई-वडील कोचिंगच्या मागे असतात हे कळतं, तरी हा एक फॉर्म बोर्डाच्या परीक्षेनंतर त्याच्याकडूनच भरून घ्या, तुम्ही भरू नका.

आणि पुण्याला गेलेली मुलं! आपल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं एक तरी तिकडे आयटीत आहे. नियम असा की माणूस जिथे नेहमी राहतो तिथे त्याचं नाव असायला हवं. शिकायला हॉस्टेलवर असेल तर घरचा पत्ता ठेवायचा की हॉस्टेलचा हे तो ठरवू शकतो. पण नोकरी लागून पाच वर्षं हिंजवडीत राहतोय, लग्न झालं, फ्लॅट घेतला, तर फॉर्म 8 भरून नाव तिकडे न्यायला सांगा. आईला वाटतं इथे नाव राहू दे, घराशी नातं राहतं, पण त्याचं मत त्याच्या नळाच्या, त्याच्या रस्त्याच्या कामी यावं ना. तिकडे नाव नाही आणि इथे यायला सुट्टी नाही, असं मधल्यामधे मत वाया जातं.

निगमची यादी वेगळी, हे नीट वाचा

लोकसभा-विधानसभा घेतो भारत निवडणूक आयोग. नगर निगमची निवडणूक घेतो मध्य प्रदेश राज्य निवडणूक आयोग, हे दुसरं ऑफिस, त्याची यादी वार्डवार वेगळी लागते. मूळ नावं विधानसभेच्या यादीवरून घेतली जातात पण वार्डात वाटताना गडबडी होतात, रस्त्याच्या अलीकडचं घर पलीकडच्या वार्डात जातं, एकाच घरातली चार माणसं दोन बूथवर जातात. 2022 ला इंदुरातच नाही तर राज्यभर यावरून तक्रारी होत्या, मतदार पर्ची घरी न पोचण्याच्याही. म्हणून निवडणुकीच्या आधी राज्य आयोग जेव्हा प्रारूप यादी काढतो आणि दावे-आपत्ती (हरकती) मागवतो, ते थोडे दिवस सगळ्यात महत्त्वाचे. पेपरमध्ये आतल्या पानावर छोटी बातमी येते, बॅनर लागत नाही. तेव्हा ठरलेल्या केंद्रावर जाऊन यादी बघायची, नाव नसेल किंवा चुकीच्या वार्डात असेल तर तिथलाच फॉर्म भरून पोच घ्यायची. हा फॉर्म सहा-सात-आठपेक्षा वेगळा असतो, केंद्रावरच मिळतो. विधानसभेला मत दिलं होतं म्हणून निगमला नाव असणारच, या भरवशावर राहू नका.

उमेदवार कोण आहे हे कसं कळणार

निगमला तुम्ही दोन मतं देता, एक महापौराला, एक पार्षदाला. महापौर इथे थेट लोकांमधून निवडला जातो. 2022 ला पुष्यमित्र भार्गव निवडून आले, त्याआधी 2015 ला मालिनी गौड. महापौराचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पार्षदाच्या वेळी मात्र लोक नुसतं चिन्ह बघून बटण दाबतात, आणि माझं म्हणणं नेमकं इथेच आहे की पार्षदाचं मत जास्त विचार करून द्या, कारण त्याच्याकडे तुम्ही चालत जाऊ शकता. मध्य प्रदेशात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, कोणता वार्ड राखीव हे चिठ्ठी काढून ठरतं. मग होतं काय, बॅनरवर बाईंचं नाव छोटं आणि नवऱ्याचा फोटो मोठा. प्रचाराला आल्या की बाईंनाच प्रश्न विचारा, बाजूच्या पुरुषाने उत्तर दिलं तर पुन्हा त्यांनाच विचारा, नम्रपणे. मतदार आपण त्यांचे आहोत. सुमित्राताई महाजन आठ वेळा इथून खासदार झाल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, पण त्यांची सुरुवात याच निगममधून झाली होती, उपमहापौर होत्या त्या. चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदुरात आली आणि निगमपासून वर गेली, तेव्हा वार्डातल्या बाईला कमी समजू नका.

प्रत्येक उमेदवार अर्जाबरोबर शपथपत्र देतो. त्यात त्याच्यावरचे गुन्हे, संपत्ती, कर्ज, शिक्षण सगळं असतं. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं आयोगाच्या साइटवर आणि ॲपवर मिळतात. वाचताना मी आधी गुन्ह्यांचा रकाना बघते, आंदोलनात रस्ता अडवला म्हणून लागलेली केस आणि जमीन हडपल्याची केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कलमाखाली काय लिहिलंय ते वाचा. मग मागच्या वेळी उभा होता तर संपत्ती तेव्हा किती आणि आता किती. आणि सरकारी थकबाकी, म्हणजे पाण्याचं बिल, संपत्ती कर भरलाय का. ज्याने स्वतःचा कर भरला नाही तो निगममध्ये जाऊन काय करणार सांगा.

घरी प्रचाराला आल्यावर "विकास करणार का" असं विचारू नका, हो म्हणतील आणि पुढे जातील. असं विचारा की आपल्या गल्लीतली पाण्याची लाईन किती वर्षांची आहे, ड्रेनेजच्या चेंबरजवळून जाते का, आणि ती बदलायला तुम्ही पहिल्या वर्षी काय करणार. पावसाळ्यात अमुक चौकात पाणी भरतं, त्याचं कारण काय वाटतं तुम्हाला. रहवासी संघाने सगळ्या उमेदवारांना एकाच संध्याकाळी कॉलनीच्या बागेत किंवा गणपतीच्या हॉलमध्ये बोलावलं, प्रत्येकाला सारखा वेळ दिला, तर फार चांगलं होतं. आपल्याकडे गणेशोत्सवाला तीनशे खुर्च्या लावायची सवय आहे, कार्यकर्ते आहेत, माईक आहे, फक्त ठरवायला हवं.

नोटाबद्दल, म्हणजे "यांपैकी कोणीही नको" या बटणाबद्दल, एक स्पष्ट सांगते कारण इंदूरने त्यात रेकॉर्ड केलंय. 2024 च्या लोकसभेला एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला आणि इथे नोटाला 2,18,674 मतं पडली, देशात आजवर कुठल्याच मतदारसंघात एवढी पडली नव्हती. नोटा दुसऱ्या नंबरवर होता. पण निकाल बदलत नाही, सगळ्यात जास्त मतं असलेला उमेदवारच निवडून येतो. नोटा दाबणं हा तुमचा हक्क, तो नाराजी दाखवतो, पण त्याने निवडणूक रद्द होईल असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

मतदानाच्या दिवशी

आदल्या दिवशी बूथ, भाग क्रमांक आणि यादीतला क्रमांक लिहून ठेवा. शाळा तीच असली तरी खोली बदलते, एकाच शाळेत तीन-चार बूथ असतात. सकाळी लवकर जा, छप्पन दुकानवाले मागे सकाळी मत देणाऱ्यांना पोहे-जिलेबी फुकट देत होते, ते मिळो न मिळो, उन्हाआधी काम होतं. मोबाईल आत नेऊ नका.

आता एक व्हॉट्सॲप मेसेज, जो दरवेळी फिरतो आणि दरवेळी लोकांचं नुकसान करतो. यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून "चॅलेंज व्होट" देता येतं, असं त्यात लिहिलेलं असतं. हे साफ खोटं आहे. यादीत नाव नाही तर मत नाही. चॅलेंज म्हणजे बूथवरच्या एजंटने तुमच्या ओळखीवर शंका घेणं. खरा नियम आहे तो वेगळा, की तुमचं नाव यादीत आहे पण तुमच्या आधीच कोणीतरी तुमच्या नावाने मत देऊन गेलंय, तेव्हा ओळख पटवून तुम्ही टेंडर मत मागू शकता, ते मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर देतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. असं झालं तर भांडण न करता पीठासीन अधिकाऱ्यांना (बूथच्या मुख्य अधिकाऱ्यांना) शांतपणे सांगा की मला टेंडर मत द्यायचंय. त्याच मेसेजमध्ये पुढे लिहितात की 14 टक्के टेंडर मतं झाली की पुन्हा मतदान होतं, तेही खोटं. असले मेसेज आपल्या फॅमिली ग्रुपवर आले तर तिथल्या तिथे सांगा, काकांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

85 च्या पुढचे आजी-आजोबा आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं, त्यासाठी फॉर्म 12 डी आहे आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. हे पाच दिवस पटकन जातात. बीएलओंना आधीच सांगून ठेवा.

निवडणुकीनंतर

शाई पुसली जाते, पुढची पाच वर्षं असतात. इंदूर 311 ॲपवर कचरा, स्ट्रीट लाइट, ड्रेनेजची तक्रार फोटोसकट टाका. तिथे नाही झालं तर सीएम हेल्पलाइन 181. तिथून काम न होताच फोन येतो की तक्रार बंद करायला हो म्हणा, तुमचं काम झालं नसेल तर गोड आवाजाला भुलून हो म्हणू नका, तक्रार वरच्या लेव्हलला जाऊ द्या. दर मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, लेखी अर्ज दोन प्रतींत घेऊन जा आणि एकावर पोच घ्या. पाण्याला वास येतोय, रंग बदललाय, असं काही असेल तर एकट्याने नाही, दहा घरांनी मिळून एकाच दिवशी तक्रार करा आणि बाटलीत नमुना भरून तारीख लिहून ठेवा.

कॉलनीत रस्त्याचं काम झालं की माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो, फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत द्यायला हवं. विचारायचं काय तर अमुक गल्लीच्या रस्त्याचं एस्टिमेट, ठेकेदाराला किती पैसे दिले, आणि गॅरंटी किती वर्षांची. गॅरंटीचा आकडा हातात असला की पुढच्या पावसाळ्यात रस्ता उखडल्यावर झोन ऑफिसात बोलायला ताकद येते. आणि जरा मोठ्या विषयांवर ऐकायचं-बोलायचं असेल तर अभ्यास मंडळ या इथल्या व्याख्यानं-चर्चा घेणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमांना जा. 1970 मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून या शहरातले लोक, विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, त्यात आपली मराठी माणसं पुढे होती, आणि 1978 मध्ये जलूदहून, साधारण 70 किलोमीटरवरून, पाणी आलं. तेच पाणी आज तुमच्या नळाला आहे.

कॉलनीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा फक्त तीन गोष्टी टाकायला सुरुवात करा, कोणती तक्रार कधी केली, तिचा नंबर, आणि काय झालं. पार्षदाला त्या ग्रुपमध्ये घ्या, तो किंवा ती वाचते. निवडणुकीच्या वेळी तीच यादी प्रिंट काढून दारात आलेल्या उमेदवाराच्या हातात द्या.